होमी जहांगीर भाभा

होमी जहांगीर भाभा (जन्म : मुंबई, ३० ऑक्टोबर १९०९, मृत्यू : माँ ब्लाँ, फ्रान्स, २४ जानेवारी १९६६) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संस्थापक-संचालक आणि भारताच्या अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष होते. विश्वकिरणांवरील संशोधनामुळे त्यांना तरुण वयातच आंतरराष्ट्रीय कीर्ती लाभली. पुढे देशाच्या अणुऊर्जा कार्यक्रमाची पायाभरणी त्यांनी केली. अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगांवरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९५५ साली जिनीव्हा येथे भरली, तेव्हा तिचे अध्यक्षपद भाभांकडे होते. महासागरातील जड हायड्रोजन हे उद्याचे इंधन ठरेल आणि त्यातून नियंत्रित रीतीने ऊर्जा मिळवण्याचा मार्ग वीस वर्षांत सापडेल, असे भाकीत त्यांनी आपल्या अध्यक्षीय भाषणात केले. ती मुदत केव्हाच उलटून गेली आहे. तथापि समुद्राच्या पाण्याकडे इंधनाचा साठा म्हणून पाहण्याचा विचार त्या भाषणामुळे जगापुढे आला. भारताचा कार्यक्रम आखताना मात्र भाभांनी या आशेवर विसंबून न राहता वेगळा मार्ग निवडला.

बालपण आणि शिक्षण

भाभांचा जन्म मुंबईतील एका सुशिक्षित पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर होर्मसजी भाभा हे बॅरिस्टर होते, तर आजोबा होर्मसजी भाभा हे म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख अधिकारी होते. होमींच्या आत्या मेहेरबाई यांचा विवाह सर दोराबजी टाटा यांच्याशी झाला होता. त्यामुळे टाटा घराण्यातील उद्योगविषयक चर्चा लहानपणापासून त्यांच्या कानांवर पडत. घरात ग्रंथांचा आणि पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रिकांचा मोठा संग्रह होता. चित्रकला आणि संगीत यांची गोडी त्यांना तेथेच लागली व ती अखेरपर्यंत टिकली.

मुंबईच्या कॅथीड्रल अँड जॉन कॉनन स्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. त्यानंतर एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथे शिकून ते १९२७ साली केंब्रिज विद्यापीठाच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. मुलाने यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी वडिलांची आणि दोराबजी टाटांची इच्छा होती. होमींचा ओढा मात्र भौतिकशास्त्राकडे होता आणि त्यांनी तो पत्राने वडिलांना स्पष्टपणे कळवला. अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्यास पुढे गणित शिकण्याचा खर्च देण्याचे वडिलांनी मान्य केले. १९३० साली अभियांत्रिकीची व १९३२ साली गणिताची ट्रायपॉस परीक्षा भाभांनी प्रथम वर्गात पूर्ण केली. यंत्रज्ञाची व्यवहारदृष्टी आणि सैद्धांतिक भौतिकीची झेप या दोन्ही गोष्टी त्यांच्या पुढील कार्यात दिसतात.

केंब्रिजमधील संशोधन

भाभा केंब्रिजमध्ये होते तो काळ अणुकेंद्रविज्ञानाच्या विलक्षण भरभराटीचा होता. अमेरिकेत हॅरल्ड युरी यांनी १९३१च्या अखेरीस हायड्रोजनचे जड समस्थानिक, म्हणजे ड्यूटेरियम शोधून काढले. १९३२ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडला आणि जॉन कॉक्रॉफ्ट व अर्नेस्ट वॉल्टन यांनी कृत्रिमरीत्या वेगवान केलेल्या कणांनी अणुकेंद्र फोडले. १९३४ साली अर्नेस्ट रदरफर्ड, मार्क ऑलिफंट आणि पॉल हार्टेक यांनी त्याच प्रयोगशाळेत ड्यूटेरियमच्या केंद्रकांवर ड्यूटेरियमच्याच केंद्रकांचा मारा केला. तेव्हा दोन हलकी केंद्रके एकत्र येऊन नवी केंद्रके तयार होतात व ऊर्जा बाहेर पडते, असे दिसून आले. एकवीस वर्षांनी भाभांनी ज्या इंधनाचा उच्चार केला, त्याची ही पहिली प्रायोगिक ओळख त्यांच्याच विद्यापीठात आणि त्यांच्याच काळात झाली होती.

भाभांचे स्वतःचे संशोधन विश्वकिरणांसंबंधी होते. १९३५ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्याच सुमारास इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या परस्परांवरील विकिरणाचे गणित त्यांनी मांडले. या प्रक्रियेला आज भाभा विकिरण असे म्हणतात. १९३७ साली वॉल्टर हायटलर यांच्या सहकार्याने त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावांची उपपत्ती मांडली. अवकाशातून आलेला एकच कण वातावरणात शिरल्यावर कणांची साखळी कशी निर्माण होते, याचा उलगडा तिने झाला. वेगाने जाणाऱ्या मेसॉनचा आयुःकाल सापेक्षता सिद्धांतानुसार लांबलेला दिसेल, हे त्यांनी १९३८ साली दाखवून दिले. १९४१ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३१ वर्षांचे होते.

बंगळूर ते मुंबई

१९३९ साली भाभा सुटीसाठी भारतात आले असताना दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्यांचे इंग्लंडला परतणे लांबणीवर पडले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी अध्यापनाचे काम स्वीकारले. तेथील भौतिकशास्त्र विभाग चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्याकडे होता. याच वास्तव्यात भारतात राहून काम करण्याचा विचार त्यांच्या मनात पक्का झाला.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीकडे मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्था काढण्याचा प्रस्ताव पाठवला. अणुऊर्जेचा उपयोग वीजनिर्मितीसाठी होऊ लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञ परदेशातून आणावे लागू नयेत, हा त्या प्रस्तावातील महत्त्वाचा मुद्दा होता. हिरोशिमावर बाँब पडण्यास तेव्हा वर्षाहून अधिक अवधी होता. १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळूर येथे सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईत आली. कुलाब्याच्या टोकाशी समुद्रालगत उभारलेल्या तिच्या कायमच्या वास्तूचे उद्घाटन १९६२ साली पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते झाले.

अणुऊर्जा आयोग आणि तुर्भे

१९४८ साली अणुऊर्जा कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. भाभा त्याचे अध्यक्ष, तर शांतिस्वरूप भटनागर आणि के. एस. कृष्णन हे सदस्य होते. ३ जानेवारी १९५४ रोजी तुर्भे (ट्रॉम्बे) येथे अणुऊर्जा संशोधन केंद्र उभारण्याचा निर्णय झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वतंत्र अणुऊर्जा खाते निर्माण होऊन भाभा त्याचे सचिव झाले. खात्याचा कारभार थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत होता आणि नेहरूंशी असलेल्या निकटच्या संबंधांमुळे भाभांना निर्णयाचे मोठे स्वातंत्र्य मिळाले.

४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. तिचे इंधन ब्रिटनकडून आले होते. कॅव्हेंडिशच्या दिवसांपासून परिचित असलेले कॉक्रॉफ्ट त्या वेळी ब्रिटिश अणुऊर्जा संस्थेत वरिष्ठ पदावर होते. कॅनडाच्या सहकार्याने उभारलेली सायरस ही भट्टी १९६० साली आणि झर्लिना १९६१ साली सुरू झाली.

जिनीव्हा परिषद, १९५५

अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी डिसेंबर १९५३मध्ये संयुक्त राष्ट्रसंघापुढे शांततेसाठी अणू ही कल्पना मांडली. तिला अनुसरून राष्ट्रसंघाने ८ ते २० ऑगस्ट १९५५ या काळात जिनीव्हा येथे परिषद भरवली. ७३ देशांचे प्रतिनिधी तिला उपस्थित होते. महायुद्धानंतर पूर्व आणि पश्चिम गटांतील अणुशास्त्रज्ञ एवढ्या मोठ्या संख्येने प्रथमच एकत्र येत होते. कोणत्याही गटात नसलेल्या देशाचा आणि शास्त्रज्ञ म्हणून सर्वमान्य असलेला अध्यक्ष हवा, म्हणून भाभांची निवड झाली.

अध्यक्षीय भाषणात भाभांनी मानवी संस्कृतीचा इतिहास ऊर्जेच्या अंगाने मांडला. माणसाच्या व जनावरांच्या स्नायूंवर चाललेले पहिले युग, कोळसा व तेल जाळून मिळणाऱ्या रासायनिक ऊर्जेचे दुसरे युग आणि अणुऊर्जेचे तिसरे युग असे तीन कालखंड त्यांनी पाडले. प्रगत देशांतील राहणीमान साऱ्या जगाला मिळायचे असेल, तर जमिनीखालील कोळसा आणि तेल फार काळ पुरणार नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. वसाहतवादातून नुकत्याच मुक्त झालेल्या गरीब देशांच्या दृष्टीने हा प्रश्न जगण्याचा होता.

त्यानंतर त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत नसलेल्या एका विषयाला हात घातला. ती परिषद युरेनियमसारख्या जड केंद्रकांच्या विखंडनापुरती मर्यादित होती. हलक्या केंद्रकांच्या संमीलनावर अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांचे संशोधन चालू होते, परंतु ते गुप्त ठेवलेले होते. नोव्हेंबर १९५२मध्ये अमेरिकेने चाचणी केलेल्या पहिल्या मोठ्या औष्णिक-अणुकेंद्रीय स्फोटात द्रवरूप ड्यूटेरियमच इंधन म्हणून वापरले होते. म्हणजे ही ऊर्जा मुक्त करता येते हे ठाऊक होते, ती आवरून कशी वापरायची हा प्रश्न होता. हे कोडे वीस वर्षांत सुटेल आणि मग महासागरातील जड हायड्रोजनइतके विपुल इंधन हाती आल्यामुळे जगाचा ऊर्जाप्रश्न कायमचा मिटेल, असे मत भाभांनी व्यक्त केले.

या विधानाची जगभरच्या वृत्तपत्रांनी दखल घेतली. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष ल्युईस स्ट्रॉस यांनी परिषदेच्या काळातच आपल्या देशात असे संशोधन चालू असल्याचे मान्य केले. एप्रिल १९५६मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ इगोर कुर्चातोव्ह यांनी ब्रिटनमधील हार्वेल येथे आपल्या देशाच्या संमीलन संशोधनावर जाहीर व्याख्यान दिले. सप्टेंबर १९५८मध्ये जिनीव्हा येथेच भरलेल्या दुसऱ्या परिषदेत या विषयावरील गुप्तता मोठ्या प्रमाणात उठवण्यात आली.

समुद्राचे पाणी इंधन कसे ठरते

समुद्राच्या पाण्यापासून इंधन मिळवणे याचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. भाभांना त्यांपैकी कोणता अभिप्रेत होता, हे समजून घेणे आवश्यक आहे.

पहिला अर्थ रासायनिक आहे. पाण्याचे विद्युत् विच्छेदन करून हायड्रोजन मिळवायचा आणि तो जाळायचा किंवा इंधन घटात वापरायचा. परंतु पाणी हे स्वतः इंधन नव्हे. हायड्रोजन जळून झाल्यावर उरणारी ती राख आहे. १ किलो हायड्रोजन मिळवण्यासाठी व्यवहारात सुमारे ५० युनिट वीज खर्च होते आणि तो जाळल्यावर त्याहून कमी ऊर्जा परत मिळते. त्यामुळे असा हायड्रोजन ऊर्जेचा उगम ठरत नाही, तर अन्यत्र निर्माण केलेली ऊर्जा साठवण्याचे व वाहून नेण्याचे साधन ठरतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते पाणी थेट वापरल्यास धनाग्रावर क्लोरीन सुटून उपकरण गंजते आणि ऋणाग्रावर मॅग्नेशियम व कॅल्शियमची पुटे चढतात. म्हणून बहुधा ते आधी गोडे करून घ्यावे लागते.

दुसरा अर्थ अणुकेंद्रीय आहे आणि भाभांचे भाकीत याच्याशी संबंधित होते. समुद्राच्या पाण्यातील हायड्रोजनच्या दर ६,४०० अणूंमागे साधारण एक अणू ड्यूटेरियमचा असतो. एका लिटर पाण्यात ते सुमारे ३३ मिलिग्रॅम भरते. प्रमाण अल्प असले, तरी त्याचे पूर्ण संमीलन झाल्यास सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळल्याइतकी ऊर्जा मिळू शकते. सर्व महासागरांतील ड्यूटेरियमचा साठा सुमारे ४५ लाख कोटी टन एवढा आहे. ड्यूटेरियम नद्यांच्या पाण्यातही जवळपास त्याच प्रमाणात असते. समुद्राचे महत्त्व आहे ते त्याच्या अफाट साठ्यामुळे, आणि हा साठा कोणत्याही एका देशाच्या मालकीचा नाही यामुळे.

अडचण इंधन मिळवण्याची नसून भट्टी पेटवण्याची आहे. धनभारित केंद्रके एकमेकांना दूर लोटतात. त्यांना जवळ आणण्यासाठी वायू काही कोटी अंश तापमानापर्यंत तापवावा लागतो. अशा तप्त प्लाझ्माला कोणतेही भांडे पुरे पडत नाही, म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्राने बांधून ठेवण्याचा प्रयत्न केला जातो. शिवाय केवळ ड्यूटेरियमचे संमीलन अधिक कठीण असल्याने आजच्या आराखड्यांत त्याच्या जोडीला ट्रिटियम वापरतात. ट्रिटियम निसर्गात जवळजवळ आढळत नाही, ते लिथियमपासून बनवावे लागते. त्यामुळे निव्वळ समुद्राच्या पाण्यावर चालणारी भट्टी हे त्यापुढचे उद्दिष्ट ठरते.

तीन टप्प्यांचा कार्यक्रम

जिनीव्हाला जाण्यापूर्वीच, नोव्हेंबर १९५४मध्ये दिल्लीतील एका परिषदेत, भाभांनी भारतासाठी तीन टप्प्यांचा कार्यक्रम मांडला होता. पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियमवरील भट्ट्यांतून वीज आणि प्लुटोनियम मिळवायचे. दुसऱ्या टप्प्यात ते प्लुटोनियम प्रजनक भट्ट्यांत वापरून इंधन वाढवायचे. तिसऱ्या टप्प्यात थोरियमपासून युरेनियम-२३३ तयार करून त्यावर भट्ट्या चालवायच्या. देशात युरेनियम मर्यादित आणि थोरियम विपुल, या वस्तुस्थितीवर ही मांडणी आधारलेली होती.

या कार्यक्रमातही समुद्राचा वाटा आहे, पण तो वेगळ्या रूपात. थोरियम ज्या मोनाझाइट खनिजात सापडते ते केरळ व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवरील वाळूत आहे. नद्यांनी वाहून आणलेल्या वाळूतील जड कण लाटांनी निवडून किनाऱ्यावर साठवले आहेत. या वाळूवर प्रक्रिया करण्यासाठी १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली आणि केरळमधील आलवाये येथे तिचा कारखाना उभा राहिला.

जड हायड्रोजनलाही या कार्यक्रमात स्थान मिळाले, परंतु इंधन म्हणून नव्हे. नैसर्गिक युरेनियमच्या भट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करण्यासाठी मंदायक लागतो आणि त्यासाठी जड पाणी उत्तम ठरते. सायरससाठी लागणारे सुमारे २१ टन जड पाणी अमेरिकेकडून आणावे लागले. हे परावलंबन टाळण्यासाठी १९६२ साली पंजाबातील नांगल येथे भारताचा पहिला जड पाण्याचा कारखाना सुरू झाला. भाक्रा धरणाच्या विजेवर खत कारखान्यासाठी हायड्रोजन तयार होत असे, त्यातूनच जड हायड्रोजन वेगळा काढला जाई. पुढे १९८७ साली रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळ येथे असाच कारखाना कार्यान्वित झाला. तो समुद्रकाठी असला, तरी ड्यूटेरियम तेथे समुद्राच्या पाण्यातून घेत नाहीत, तर शेजारच्या खत कारखान्यातील वायूमधून घेतात.

समुद्राच्या पाण्यात युरेनियमही असते. दर टनामागे ते सुमारे ३.३ मिलिग्रॅम एवढेच असले, तरी सर्व महासागरांत मिळून ते ४ अब्ज टनांहून अधिक भरते. ते शोषून घेणारे पदार्थ पाण्यात ठेवून युरेनियम गोळा करण्याचे प्रयोग जपानमध्ये आणि पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रातही झाले. खाणीतील युरेनियमच्या तुलनेत ही पद्धत महाग पडते.

पुण्यातून आलेला विरोधी विचार

भाभांच्या ऊर्जाविचाराला एक महत्त्वाचा विरोध त्यांच्याच संस्थेतून झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांना भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलावले. कोसंबींनी पुण्यातील घर सोडले नाही. ते दख्खनच्या राणीने रोज पुण्याहून मुंबईस जात-येत. गणिताबरोबरच नाणकशास्त्र आणि प्राचीन भारताचा इतिहास या क्षेत्रांतही त्यांनी मोलाचे काम केले.

भारतासारख्या गरीब आणि उन्हाने समृद्ध देशाने अणुभट्ट्यांवर प्रचंड पैसा खर्च करण्याऐवजी सौरऊर्जेचे संशोधन करावे, असे कोसंबींचे मत होते. १९६० साली पुण्यात रोटरी क्लबपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ते सविस्तर मांडले. सूर्यप्रकाश खेडोपाडी आपोआप पोहोचतो, त्यासाठी दूरवर तारा ओढाव्या लागत नाहीत आणि किरणोत्सर्गी कचऱ्याचा प्रश्नही उद्भवत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. १९६२ साली कोसंबींची संस्थेतील नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. त्यानंतर पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी ते संलग्न झाले. जून १९६६मध्ये, भाभांच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी, पुण्यातच त्यांचे निधन झाले.

या मतभेदाला शास्त्रीय दृष्ट्या एक वेगळी बाजू आहे. सूर्याची ऊर्जाही हायड्रोजनच्या संमीलनातूनच येते. निसर्गाने पेटवून ठेवलेल्या भट्टीचा प्रकाश वापरावा, हा कोसंबींचा आग्रह होता. तशी भट्टी पृथ्वीवर पेटवता येईल, असा भाभांचा विश्वास होता. गेल्या काही दशकांत सौरविजेची किंमत झपाट्याने उतरली आहे, तर संमीलनाची वीज अद्याप बाजारात आलेली नाही.

अखेरची वर्षे आणि मृत्यू

१९६३ साली तारापूर येथील अणुवीज केंद्रासाठी अमेरिकेशी आणि राजस्थानातील केंद्रासाठी कॅनडाशी करार झाले. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने अणुचाचणी केली. त्यानंतर आकाशवाणीवरील भाषणात भाभांनी अण्वस्त्रांच्या खर्चाचे आकडे सांगितले. त्यामुळे भारताने बाँब बनवावा की नाही, यावर देशभर वाद झाला. त्यांनी उभारलेल्या क्षमतेचा शांततामय आणि लष्करी असा दुहेरी उपयोग होऊ शकतो, ही टीका आजही केली जाते.

२४ जानेवारी १९६६ रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला जात असताना एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान जिनीव्हाजवळ माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी दिल्लीत इंदिरा गांधी यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. विमानाच्या स्थानाबाबत वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यात झालेला गैरसमज हे अपघाताचे कारण असल्याचे फ्रान्समधील चौकशीतून निष्पन्न झाले. घातपाताच्या तर्कांना पुष्टी देणारा पुरावा पुढे आलेला नाही. जानेवारी १९६७मध्ये तुर्भे येथील केंद्राला भाभा अणुसंशोधन केंद्र असे नाव देण्यात आले.

भाकिताचा पुढील प्रवास

भाभांनी दिलेली वीस वर्षांची मुदत १९७५ साली संपली. त्याआधी, १९५८च्या जानेवारीतच, ब्रिटनने झीटा या यंत्रात संमीलन साधल्याचा दावा केला होता आणि काही महिन्यांत तो मागे घ्यावा लागला होता. सोव्हिएत संघात विकसित झालेल्या टोकामाक या कंकणाकृती यंत्रामुळे १९६०च्या दशकाच्या अखेरीस संशोधनाला नवी दिशा मिळाली.

भारतात अहमदाबादमधील भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत सुरू झालेल्या प्लाझ्मा कार्यक्रमातून १९८६ साली गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था स्थापन झाली. तिने उभारलेला आदित्य हा देशी टोकामाक १९८९ साली कार्यान्वित झाला. फ्रान्समधील कादाराश येथील ईटर या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत डिसेंबर २००५मध्ये सहभागी झाला. त्या यंत्राला वेढणारे अतिशीत निर्वात आवरण भारताने पुरवले आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत २.०५ मेगाज्यूल लेझर ऊर्जेच्या बदल्यात ३.१५ मेगाज्यूल संमीलन ऊर्जा मिळाली. लेझर चालवण्यासाठी लागलेली वीज मात्र याच्या कित्येक पट होती.

थोरियमचा तिसरा टप्पाही अपेक्षेहून दूर राहिला आहे. कल्पाक्कम येथील कामिनी ही ३० किलोवॉटची लहान संशोधन भट्टी १९९६ साली युरेनियम-२३३वर सुरू झाली. थोरियमवर आधारित मोठी वीजकेंद्रे अद्याप उभी राहिलेली नाहीत. पहिल्या टप्प्यातील जड पाण्याच्या भट्ट्या मात्र भारतीय अणुवीज कार्यक्रमाचा कणा बनल्या.

पुणे आणि भाभांचा वारसा

भाभांनी सुरू केलेल्या एका कामाचा विस्तार पुण्यात झाला. परदेशात काम करणाऱ्या भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी पाठवलेल्या प्रस्तावाला त्यांनी १९६२च्या आरंभी तारेने तत्काळ होकार कळवला. त्यांपैकी गोविंद स्वरूप १९६३ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. कल्याण येथील छोट्या दुर्बिणीनंतर त्यांनी १९७० साली उटी येथे मोठी रेडिओ दुर्बीण उभारली. ती ३२७ मेगाहर्ट्‌झच्या आसपास काम करते. अवकाशातील ड्यूटेरियमची रेडिओरेषा याच कंप्रतेवर येते. विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत तयार झालेले ड्यूटेरियमच आज समुद्राच्या पाण्यात आहे.

याच परंपरेतून पुणे विद्यापीठाच्या परिसरात राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्र उभे राहिले. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण हे केंद्र चालवते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या या दुर्बिणीने दूरच्या दीर्घिकांतील हायड्रोजनचा वेध घेतला जातो.

समुद्राच्या पाण्याच्या रासायनिक उपयोगाशी जवळचा असलेला हायड्रोजन इंधनाचा विषयही पुण्यात हाताळला जात आहे. १९५० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत इंधन घटांवर संशोधन चालते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद व एका पुणेकर कंपनीने मिळून विकसित केलेली हायड्रोजन इंधन घटावरील देशी बस ऑगस्ट २०२२मध्ये पुण्यात सादर करण्यात आली.

व्यक्तिमत्त्व आणि सन्मान

भाभा अविवाहित होते. ते उत्तम चित्रकार होते आणि समकालीन भारतीय चित्रकारांच्या कलाकृती त्यांनी आपल्या संस्थेसाठी आवर्जून विकत घेतल्या. तुर्भे आणि कुलाबा येथील वास्तू, उद्याने व वृक्ष यांकडे ते जातीने लक्ष देत. योग्य माणूस आधी निवडायचा आणि त्याच्याभोवती काम वाढू द्यायचे, ही त्यांची संस्था उभारण्याची पद्धत होती.

१९४२ साली त्यांना केंब्रिज विद्यापीठाचे ॲडम्स पारितोषिक मिळाले आणि १९५४ साली भारत सरकारने पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. समुद्रातील इंधनाबद्दल त्यांनी दिलेली मुदत चुकली. तथापि त्या इंधनाची वाट पाहत असताना देशाची घडी बसवण्यासाठी त्यांनी हाताशी असलेल्या साधनांवर भर दिला आणि ते काम करणारी माणसे व संस्था घडवल्या. आदित्य टोकामाक, थळचे जड पाणी आणि खोडदची दुर्बीण ही कामे त्यांच्या पश्चात याच पायावर उभी राहिली.